पण कॉलेज कोनतं वं तुहं?

ॲमस्टरडॅमहून रसायनशास्त्राची एमएस्सी करून आले, हे गावात आता सगळ्यांना माहीत झालंय. गाडी अडते ती पुढच्या प्रश्नाला. "पण कॉलेज कोनतं वं तुहं?" मी म्हणते, दोन होती. मग ही पोरगी तिकडं नेमकी करत काय होती, असा चेहरा होतो समोरच्याचा. पारावरच्या एका आबाजींनी तर सरळच विचारलं, "एकात नापास झालती काय?"

आता आजूबाजूच्या तालुक्यांतल्या पोरापोरींचेही फोन येतात, म्हणून एकदा सगळं लिहून टाकते.

ॲमस्टरडॅम शहरात दोन मोठी विद्यापीठं आहेत. एक युनिव्हर्सिटी ऑफ ॲमस्टरडॅम, म्हणजे यूव्हीए. तिची मुळं १६३२ सालापर्यंत जातात. दुसरं फ्राये युनिव्हर्सिटाइट, म्हणजे व्हीयू, १८८० साली सुरू झालेलं. दोघांचा कारभार वेगळा, इमारती वेगळ्या, पैसा वेगळा. पण विज्ञानाचे काही एमएस्सी अभ्यासक्रम दोघं मिळून चालवतात. त्यात रसायनशास्त्र आहे, भौतिक आणि खगोलशास्त्र आहे, कॉम्प्युटर सायन्स आहे, बायोइन्फर्मेटिक्स आहे. विद्यार्थ्याची नोंद दोन्हीकडे होते, तास दोन्हीकडे होतात आणि शेवटी पदवीचा कागद एकच मिळतो, त्यावर दोन्ही नावं. आपल्याकडे यूजीसीनं २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्या करायची मुभा दिली, त्यामुळे लोकांना वाटतं मी तसलं काहीतरी केलं. माझं उलटं होतं. विद्यापीठं दोन, पदवी एक.

आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरलाय. जमीन काळीभोर. कापूस, तूर होते, थंडीत ओलीवर हरभरा होतो. पण विहिरीला पाणी लागलं तरी ते तोंडात धरवत नाही आणि पिकाला दिलं तर जमीन बिघडते. नळाला शहानूर धरणाचं पाणी येतं, येतं तेव्हा. नाही आलं की माय विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ लावते, शिट्ट्यांवर शिट्ट्या घेते आणि झाकण उघडून पाण्याच्या सात पिढ्या काढते. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीतल्या पेक्टिनला धरून बसतं, म्हणून दाणा फुटत नाही. हे मला बीएस्सीला कळलं तेव्हा मोठ्या उत्साहानं मायला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मंग आता शिजव ना तू."

त्याच सुमारास, २०१७ च्या खरिपात, यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. शेकडो दवाखान्यात पडले. आमच्याकडेही तीच पद्धत. दोन-तीन औषधं एका पंपात ओतायची, वरून एखादं टॉनिक, तोंडाला जुना दुपट्टा. त्या वेळी पेपरात रोज यायचं की माणसाच्या अंगात नेमकं कोणतं औषध गेलंय हेच कळत नाही, मग उतारा कशावर द्यायचा. मला तिथंच माझा विषय सापडला. अमुक पदार्थात अमुक रसायन आहे का, आहे तर किती, हे छातीठोकपणे सांगता येणं. याला विश्लेषणात्मक रसायनशास्त्र म्हणतात. नाव कोरडं आहे, काम नाही.

एमएस्सी इकडेच केली. एचपीएलसी यंत्राची, म्हणजे मिश्रणातले घटक नळीतून सुटे करणाऱ्या यंत्राची, आकृती परीक्षेत इतक्या वेळा काढली की आजही डोळे मिटून काढेन, पण चालू यंत्र पाहिलं ते एका शैक्षणिक सहलीत, काचेच्या पलीकडून. व्हॅन डीमटर नावाच्या डच माणसाचं १९५६ सालचं समीकरण पाठ होतं. नळीतून द्रव किती वेगानं सोडला तर घटक चांगले सुटे होतात, हे ते सांगतं. तो वेग वाढवायचं बटण कुठं असतं ते मात्र ठाऊक नव्हतं. मग तालुक्याच्या गावी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. ज्यांनी हे केलंय त्यांना सांगायला नको. तासाचे पैसे, सुट्टीत काही नाही, आणि जे आहे ते निघेल तेव्हा. मीही पोरांना तीच आकृती काढायला लावत होते.

ॲमस्टरडॅमच्या अभ्यासक्रमाची माहिती वाचली तेव्हा दोन विद्यापीठं ही गोष्ट मला आकर्षक वगैरे वाटली नाही. संशयच आला. आपल्याकडे दोन संस्था एकत्र आल्या की एक सही करते आणि दुसरी फोटोत उभी राहते. पण तपशील बघत गेले. मिश्रणातले घटक सुटे करण्याच्या तंत्रात यूव्हीएचा हात चांगला. रक्त, लघवी, पाणी, गाळ यांतली विषारी द्रव्यं मोजण्यात व्हीयूचा. दोघांनी मिळून विश्लेषणशास्त्राचं एक केंद्रही काढलंय. २०२२ मध्ये माणसाच्या रक्तात प्लॅस्टिकचे कण पहिल्यांदा मोजल्याची बातमी आली होती, बावीस जणांपैकी सतरा जणांच्या रक्तात सापडले होते. ते काम व्हीयूकडचं. मला हवं ते अर्धं इकडं होतं, अर्धं तिकडं होतं, आणि दोन्हीसाठी अर्ज एकच.

घरी अर्थातच पहिला प्रश्न निघाला की एक एमएस्सी असताना दुसरी कायले. आत्या म्हणाली, "बाप्पा, येवढ्या पैशात लगन होते." बाबा काही बोलले नाहीत. ते दहावीपर्यंत शिकलेले. दोन दिवसांनी बैलाला पाणी दाखवता दाखवता म्हणाले, "तिकडं ते यंत्र हात लावू देतात काय?" देतात म्हटलं. "मंग जाय."

अर्ज भरणं त्यातल्या त्यात सोपं. हॉलंडमध्ये स्टडीलिंक नावाची देशभराची एकच नोंदणी आहे, तिथं नाव घालायचं आणि मग विद्यापीठाच्या पोर्टलवर कागद चढवायचे. माझा अर्ज यूव्हीएच्या दारातून गेला, तपासणारी समिती दोन्हीकडच्यांची. गुणपत्रिकांसोबत प्रत्येक विषयात काय शिकवलं, किती तास, कोणतं पुस्तक, हेही त्यांना हवं होतं. आमच्या सिलॅबसच्या जुन्या झेरॉक्सवरून मी ते सगळं टाइप करत बसले. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा नागपूरला दिली. बोलण्याच्या परीक्षेत मला तुमच्या आवडत्या बागेबद्दल सांगा म्हणाले. आमच्या भागात बाग म्हणजे संत्र्याची, ती वरुड-मोर्शीकडे. मी त्यांना संत्र्याच्या बहाराबद्दल सांगितलं, पाणी तोडून झाड ताणावर कसं सोडतात ते. बाई रंगून ऐकत होत्या.

अर्जासोबतच्या पत्राला मात्र वेळ द्या, एवढं फोन करणाऱ्या प्रत्येकाला सांगते. इंटरनेटवर सापडणारे नमुने सगळे 'लहानपणापासून मला विज्ञानाची ओढ' असे असतात. मी आमच्या विहिरीपासून सुरुवात केली. पाण्याची विद्युतवाहकता, सोडियमचं इतर क्षारांशी प्रमाण, फवारणीच्या दिवसांत त्याच विहिरीवर धुतले जाणारे पंप, आणि असल्या खाऱ्या पाण्यात कीटकनाशकाचा अंश मोजायला अवघड का जातो, हे जेवढं मला कळत होतं तेवढं लिहिलं. पुढं मुलाखतीत त्यांनी फक्त त्यावरच विचारलं. गुणांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

प्रवेशाचं पत्र आलं आणि खरी कसोटी इकडे सुरू झाली.

जन्माचा दाखला घ्या. तिकडं गेल्यावर महानगरपालिकेत रहिवासी म्हणून नोंद करायला तो लागतो, आणि साधा नाही, ॲपोस्टिल केलेला. म्हणजे आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का हवा, भारत त्या करारात २००५ पासून आहे. आता विदर्भातल्या बाईचं पहिलं बाळंतपण माहेरी होतं. माझी नोंद आजोळच्या ग्रामपंचायतीत. तिथल्या रजिस्टरात तारीख बरोबर, मायचं नाव बरोबर, बापाचं नाव बरोबर, आणि बाळाच्या नावाच्या जागी आडवी रेघ. बारशाच्या आधी नोंद झाली आणि नंतर कुणी नाव घालायला गेलं नाही. असं रजिस्टर उघडून बघाल तर पानंच्या पानं रेघा आहेत. नाव घालायची मुदत पंधरा वर्षांची. ती उलटून गेलेल्यांसाठी शासनानं मुदतवाढ दिली होती, ती सुदैवानं चालू होती. ग्रामसेवक भला माणूस होता, पण त्याच्याकडं तीन गावांचा चार्ज. मंगळवारी इथं, गुरुवारी तिथं, आणि पंचायत समितीत मीटिंग लागली की कुठंच नाही. शेवटी मामानं त्याला आठवडी बाजारात, मिरचीच्या दुकानापाशी गाठलं. दाखल्यावर माझं नाव चढलं तेव्हा बापाच्या नावात एक अक्षर पासपोर्टपेक्षा वेगळं उमटलं. पुन्हा अर्ज, पुन्हा शाळा सोडल्याचा दाखला जोडा. शिक्क्यांचं पुढचं काम नागपूरच्या एका एजंटानं केलं. त्यानं जेवढे घेतले तेवढे कष्ट मात्र त्याला पडले नसावेत.

बँकेचं प्रकरण जास्त शिकवून गेलं. साडेसात लाखांच्या वर शैक्षणिक कर्ज हवं असेल तर साधारणपणे तारण मागतात. बाबा तयारीनं गेले होते, पिशवीत सातबारा. "सायब, चार एकर हाय. कर्ज नाही त्याच्यावर." व्यवस्थापक चांगले बोलले, पण म्हणाले, काका, शेती चालत नाही. बाबांना हे पटेचना. पीककर्जाला हीच जमीन चालते, मग लेकीच्या शिक्षणाला का नाही? कारण असं आहे की थकलेलं कर्ज कोर्टात न जाता तारण विकून वसूल करायची सोय ज्या कायद्यात आहे, तो सरफेसी कायदा, २००२ चा, शेतजमिनीला लागूच होत नाही. कलम ३१ मध्ये तसं लिहिलंय. शेतकऱ्याची जमीन झटपट जाऊ नये म्हणून केलेली ती तरतूद. संरक्षण म्हणून ती योग्यच आहे, पण चार एकराच्या मालकाला बँकेत बसल्या जागी बिनमालमत्तेचा करून टाकते.

मग घर दाखवलं. गावठाणातलं घर म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना ८, कर भरल्याची नोंद. तो मालकीचा कागद धरायला बँक तयार नाही, मालमत्ता पत्रक आणा म्हणाले. स्वामित्व योजनेत ड्रोन उडून गेला होता आमच्या गावावरून. त्याच्या आधी सगळ्यांनी घराभोवती चुन्याच्या रेघा मारल्या होत्या, त्यावरून दोन भावांत भांडणंही झाली होती. रेघा पावसानं कधीच धुऊन नेल्या, पत्रकं यायची होती. शेवटी मामाचा तालुक्याच्या गावातला एनए प्लॉट गहाण पडला. मामी एका शब्दानं काही बोलली नाही. तिचं हे देणं कर्जाच्या कुठल्याच हप्त्यात बसत नाही.

तारण झालं, तर फॉर्म अडला. संगणकावर विद्यापीठाच्या नावाची चौकट एक. यादीतून एकच निवडायचं. बँकेच्या यादीत यूव्हीएही होतं, व्हीयूही होतं, पण दोघं मिळून असं काही नव्हतं. तिथला तरुण अधिकारी म्हणाला, मॅडम, ह्या लेटरवर दोन नावं आहेत, ऑडिटला मी काय सांगू? एक धरलं तर दुसऱ्याचं नाव पदवीवर कसं? मी त्याला समजावलं, त्यानं वरच्या ऑफिसला विचारलं, वरच्या ऑफिसनं कागद मागितला. मी तिकडच्या प्रवेश विभागाला मेल केली की फी कुणाकडे जाणार, प्रमुख नोंदणी कुठली आणि पदवी कोण देणार, हे एका पानावर लिहून द्या. त्यांनी लगेच दिलं. माझ्यासारखे बरेच येत असणार, मजकूर तयारच असावा. ते पान फाइलला लागल्यावर चौकटीत यूव्हीए गेलं आणि शेऱ्यात बाकीचं. म्हणून सांगते, संयुक्त पदवीला जाणार असाल तर हे एक पान पहिल्याच दिवशी मागून ठेवा. बँक, शिष्यवृत्ती, पुढं नोकरी, सगळीकडं चौकट एकच असते.

व्हिसाचं फार सांगण्यासारखं नाही. तिकडं विद्यापीठच तुमच्या वतीनं अर्ज करतं, वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधी दाखवावे लागतात, आणि पोहोचल्यावर क्षयाची तपासणी होते. फुप्फुसाचा एक्स-रे काढणाऱ्या माणसानं मला विचारलं, भारतात कुठं? महाराष्ट्र म्हटलं तर म्हणाला मुंबई? मी हो म्हणून टाकलं. मुंबई आमच्यापासून रात्रभराची गाडी आहे, पण त्याला कुठं सांगत बसता.

तर दोन विद्यापीठं. यूव्हीएचा विज्ञान विभाग शहराच्या पूर्वेला सायन्स पार्कमध्ये. पहिलं रसायनशास्त्राचं नोबेल १९०१ साली ज्यांना मिळालं ते व्हांट हॉफ याच विद्यापीठात प्राध्यापक होते, रसायनशास्त्राच्या संस्थेला त्यांचंच नाव आहे. संगणकाची पायथन भाषा जिथं जन्मली ती गणित-संगणकाची संस्था शेजारीच. व्हीयू दक्षिणेला, मोठमोठ्या बँका आणि वकिलांच्या काचेच्या इमारतींना लागून. दोहोंमधलं अंतर सायकलनं अर्धा तास, वारा मागून असेल तर. तो मागून कधीच नसतो.

पहिल्या महिन्यात जोड कुठं कुठं उसवलाय तेच दिसत राहिलं. दोन विद्यार्थी क्रमांक, दोन ईमेल. दोन्हीकडे कॅनव्हास नावाचीच प्रणाली, पण लॉगिन वेगळं, त्यामुळे एका विषयाची सूचना इथं आणि दुसऱ्याची तिथं. वेळापत्रक यूव्हीएकडं डेटानोज नावाच्या साइटवर असायचं, व्हीयूचं आणखी कुठं. व्हीयूत प्रिंट काढायला गेले तर यूव्हीएचं कार्ड चालेना. हे सगळं तिथली पोरं हसण्यावारी नेतात. कुरकुर करतात ती एकाच गोष्टीबद्दल, सकाळचा तास एकीकडं आणि दुपारचा दुसरीकडं आला की.

पण जे जमवायला खरंच कठीण, ते त्यांनी जमवलंय. दोघांचं वर्ष एकाच मापाचं आहे. प्रत्येक सत्र आठ आठवडे, आठ आठवडे, चार आठवडे असं कापलेलं. त्यामुळे एकीकडची परीक्षा दुसरीकडच्या तासावर येत नाही. एका क्रेडिटला अठ्ठावीस तासांचं काम, दोन वर्षांचे १२० क्रेडिट, हे दोन्हीकडं सारखं. गुण दहापैकी, साडेपाचला पास. आठ म्हणजे उत्तम, आणि दहा कुणाला पडलेले मी पाहिले नाहीत. माझ्या पहिल्या सातवर मायनं फोनवर विचारलं, "तीन कुठी गेले?"

पूर्ण एक व्हायचा घाटही त्यांनी घालून पाहिला होता. दोन्ही विज्ञान विद्याशाखा मिळून एकच करायची, असा प्रस्ताव २०१३ मध्ये होता. त्या डिसेंबरात यूव्हीएतल्या कर्मचारी आणि विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधी मंडळांनी तो फेटाळला आणि तो तिथंच संपला. विद्यार्थी नको म्हणाले आणि विद्यापीठ थांबलं, हे मला तिथल्या कुठल्याही यंत्रापेक्षा नवलाचं वाटलं. त्यानंतरही एकत्र अभ्यासक्रम चालू राहिले. दातांच्या शिक्षणाची संयुक्त संस्था तर १९८४ पासूनची, आणि दोघांची रुग्णालयं २०१८ मध्ये एक झाली. म्हणजे जिथं जमतं तिथं जमवलं, नाही तिथं वेगळं ठेवलं. लग्नाआधी वेगळ्या चुली मांडून बघितलेलं घर म्हणा हवं तर.

वेगळं राहायचा हट्ट का, हे इतिहास कळल्यावर समजलं. यूव्हीए हे शहराचं विद्यापीठ, १९६१ पर्यंत नगरपालिकेच्या हाताखाली. व्हीयू काढलं अब्राहम काइपर या धर्मपंडितानं, सरकार आणि चर्च दोघांच्याही हुकमाबाहेर राहील असं, लहान लहान माणसांच्या वर्गणीवर. पुढं बायका घराघरांत व्हीयूचे हिरवे पत्र्याचे डबे ठेवून त्यात नाणी गोळा करायच्या. तो डबा पाहिला आणि मला बाबांची शाळा आठवली. भाऊसाहेब पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये शिवाजी शिक्षण संस्था काढली नसती तर आमच्या भागातली कितीतरी शेतकऱ्यांची पोरं दहावीचं तोंडही बघती ना. असल्या संस्था सहजासहजी कुणात विरघळत नाहीत. विरघळूही नयेत, असं माझं मत.

संशोधन प्रकल्पाला मी खारपाणच घेतलं. मार्गदर्शक दोन, दोन्हीकडचे एकेक. विमानातून विहिरीचं पाणी नेण्याच्या भानगडीत पडले नाही. घरून निघण्याआधी पाण्याची तपासणी करून आकडे नेले होते, त्यांवरून आमच्या विहिरीचं पाणी मी ॲमस्टरडॅमच्या तराजूवर तयार केलं. मीठ इतकं, खायचा सोडा इतका, मॅग्नेशियम सल्फेट इतकं, शुद्ध पाण्यात विरघळवून. चव घेऊन बघायचा मोह झाला, पण प्रयोगशाळेत तोंडात काही घालायचं नसतं.

त्या पाण्यात मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाचा कणभर अंश घालून मास स्पेक्ट्रोमीटरला, म्हणजे रेणू वजनावरून ओळखणाऱ्या यंत्राला, दिला की त्याला तो दिसायचाच नाही. शुद्ध पाण्यात तोच अंश सुईसारखा उभा राहायचा. मिठामुळे तसं होतं. नमुना बारीक फवाऱ्यात उडवून त्यातल्या रेणूंना विद्युतभार द्यायचा असतो, तिथं क्षार मध्ये येतात, औषधाच्या रेणूला भार मिळूच देत नाहीत. वर यंत्राच्या तोंडावर पांढरा थर धरतात, आमच्या माठाच्या बुडाला धरतो तसलाच. मास स्पेक्ट्रोमीटरवाले मार्गदर्शक म्हणायचे नमुना आधी स्वच्छ करून आण. क्रोमॅटोग्राफीवाल्या, म्हणजे घटक सुटे करण्याच्या तंत्रातल्या, बाई म्हणायच्या, कशाला, मीठ नळीत थांबतच नाही, सगळ्यात आधी बाहेर पडतं, तेवढा पहिला भाग व्हॉल्व्ह फिरवून कचऱ्यात सोड आणि मग यंत्राचं दार उघड. पण मोनोक्रोटोफॉसही पाण्यात सहज विरघळणारं, तेही मिठाच्या मागोमाग लवकरच बाहेर पडतं. म्हणून आधी त्याला नळीत जरा जास्त वेळ अडवून धरायला हवं होतं, आणि मग व्हॉल्व्ह नेमका कधी फिरवायचा हे ठरवायचं. इथं मला माझं परीक्षेतलं समीकरण पहिल्यांदा हातानं चालवायला मिळालं. वेग थोडा कमी, नळी वेगळी, व्हॉल्व्ह थोडा उशिरा. दोघांची खडाजंगी व्हायची आणि मी मधल्या रस्त्यावर सायकल मारत दोघांचे आलेख एकमेकांना दाखवत फिरायचे. एके दिवशी खाऱ्या पाण्यातही ती सुई उभी राहिली, शुद्ध पाण्याइतकी उंच नाही, पण मोजण्याजोगी. एकाच विद्यापीठात असते तर दोघांपैकी एकाचंच ऐकलं असतं.

आता घरी आहे. पुढच्या कामाचं बोलणं चालू आहे, तोवर रिकामी बसवत नाही. आमच्या तालुक्याच्या गावी एकाच रस्त्यावर दोन कॉलेजं आहेत, दोन वेगळ्या संस्थांची. एकाकडं फ्लेम फोटोमीटर आहे, त्यावर पाण्यातलं सोडियम मोजता येतं. दुसऱ्याकडं फोटोमीटर नाही, पण ब्युरेट, ईडीटीए हे रसायन आणि त्यानं टायट्रेशन, म्हणजे थेंब थेंब घालून मोजणी, नीट करणारे एक जुने प्रयोगशाळा परिचर आहेत, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम निघतं. विहिरीचं पाणी शेताला द्यावं की नाही हे ठरवायला सोडियमचं या दोघांशी असलेलं प्रमाण लागतं. अर्धा आकडा इकडं, अर्धा तिकडं. दोन्हीकडच्या विभागप्रमुखांशी बोलले. एक सर म्हणाले, कल्पना चांगली आहे पण पत्र कोणाच्या लेटरहेडवर जाणार? दुसरे म्हणाले, नमुने आमच्याकडं नोंदले तर निकाल त्यांच्या नावानं कसा? मी म्हटलं, कागद एक, नावं दोन. दोघांनीही माझ्याकडं पाहिलं.

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाची काही पोरं-पोरी तयार आहेत. आपापल्या गावच्या विहिरींचं पाणी त्यांनी बाटल्यांत भरून आणलंय, त्यावर गावाचं नाव, शेतमालकाचं नाव, तारीख. फोटोमीटरला लागणारा सिलिंडर संपलाय, तो बदलून मिळाला की सोडियम सुरू होईल. टायट्रेशन परवापासून सुरू झालंसुद्धा. पत्रावर एका प्राचार्यांची सही झाली आहे, दुसरे रजेवर आहेत, सोमवारी येतात.